शनिवार, दुपारचे चार: ब्रिटिश टीव्ही कुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये साठीच्या आसपासच्या कुणाशीही गप्पा मारताना कुस्तीचा विषय निघाला, की दोन नावं हमखास येतात, बिग डॅडी आणि जायंट हेस्टॅक्स. मग हसू येतं, आजीची आठवण निघते आणि विषय संपतो. माझं म्हणणं असं, की या आठवणीत खेळाचा सर्वांत कच्चा भाग तेवढा उरलाय आणि अस्सल भाग पुसला गेलाय. पुढची उत्तरं त्या दृष्टीने लिहिली आहेत, तेव्हा तटस्थपणाची अपेक्षा नको.

ही नेमकी कुठली कुस्ती?

ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर दाखवली जाणारी व्यावसायिक कुस्ती. ऑलिंपिकची नाही आणि आपल्या मातीतलीही नाही. पहिलं प्रक्षेपण 9 नोव्हेंबर 1955 रोजी पूर्व लंडनमधल्या वेस्ट हॅम बाथ्समधून झालं. आयटीव्ही सुरू होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. शेवटचा कार्यक्रम 17 डिसेंबर 1988 चा. मधली तेहतीस वर्षं हा खेळ घराघरांत होता.

सगळ्यांच्या तोंडी ‘शनिवारी चार वाजता’ हेच का असतं?

2 जानेवारी 1965 पासून आयटीव्हीवर शनिवारी दुपारभर चालणारा ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ हा कार्यक्रम सुरू झाला. आधी एमन अँड्र्यूज आणि 1968 पासून डिकी डेव्हिस तो सादर करायचे. घोड्यांच्या शर्यती, कुठल्या तरी दूरदेशीच्या चित्रविचित्र स्पर्धा, असं काहीबाही दिवसभर चाले आणि चारच्या सुमारास कुस्ती लागे.

ही वेळ कुणी उगाच निवडलेली नव्हती. फुटबॉलचे सामने दुपारी तीनला सुरू होत आणि पाऊण-एक तास उरला की सगळा देश निकालांकडे डोळे लावून बसे. लाखो घरांत ‘पूल्स’चं कूपन भरलेलं असायचं. कुठले सामने बरोबरीत सुटणार याचा अंदाज बांधायचा, जुळला तर नशीब उघडलं. निकाल ऐकल्याशिवाय बाप्या माणूस टीव्हीसमोरून हलणार नाही, आणि तोवर वेळ काढायला कुस्ती. मैदानातला फुटबॉल त्या वेळी थेट दिसत नसे, त्यामुळे स्पर्धाही नव्हती. परिणाम असा की ज्यांना कुस्तीशी काही देणंघेणं नव्हतं ती माणसंसुद्धा, म्हणजे आजी, लहान पोरं, चहा घेऊन आलेली आई, आठवड्यामागून आठवडे कुस्ती पाहत राहिली. हा वर्ग कुठल्याही आखाड्याला तिकीट लावून मिळाला नसता.

समालोचक एकच होते, केंट वॉल्टन. 1955 पासून 1988 पर्यंत तोच आवाज. ‘ग्रीटिंग्ज, ग्रॅपल फॅन्स’ म्हणून सुरुवात. ते मूळचे कुस्तीतले नव्हते. टीव्हीवर पॉप गाण्यांचा कार्यक्रम सादर करायचे, रेडिओवर तबकड्या लावायचे. ओरडणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. एखादा डाव कसा लागला आणि त्यातून सुटायला पाय कुठे न्यायला हवा, हे ते शेजारी बसून समजावल्यासारखं सांगत. आजच्या समालोचनाच्या आरडाओरड्याची सवय असलेल्या कानाला पहिल्यांदा ते झोपाळू वाटतं. दोन लढती ऐका, मग बोलू.

नियम काय होते? अमेरिकेतल्यासारखेच?

नाही, आणि इथेच खरी गंमत आहे.

1930 च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘ऑल-इन’ नावाची बेबंद कुस्ती बोकाळली होती. खुर्च्या, रक्त, चिखल, सगळं. लंडनमध्ये तिच्यावर बंदी येईपर्यंत प्रकरण गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅडमिरल लॉर्ड माउंटएव्हन्स यांच्या नावाने नवे नियम आले. हे माउंटएव्हन्स म्हणजे कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत असलेले नौदल अधिकारी एडवर्ड एव्हन्स. अंटार्क्टिकाहून परतलेला माणूस कुस्तीच्या नियमांना नाव देतो, यावर विश्वास बसायला मला वेळ लागला.

नियम थोडक्यात असे. लढत फेऱ्यांमध्ये, टीव्हीवर बहुधा पाच-पाच मिनिटांच्या सहा. जिंकायला तीनपैकी दोन गुण हवेत. गुण म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे खांदे तीन मोजेपर्यंत टेकवणं किंवा त्याला हार कबूल करायला लावणं. दहा मोजेपर्यंत उठला नाही, तर गुण कितीही असोत, लढत संपली. जमिनीवर पडलेल्यावर हल्ला करायचा नाही, त्याला उठू द्यायचं. आगळीक केली की पंच जाहीर ताकीद देणार आणि तिसऱ्या ताकिदीला पैलवान बाद. वजनी गट होते आणि ते कागदावरचे नव्हते. लाइटवेट म्हणजे 11 स्टोनपर्यंत, साधारण 70 किलो. त्या गटातले पैलवान थेट मुख्य लढतीत उतरत.

या चौकटीमुळे खलनायकाला काम मिळालं. दोन ताकिदी घेऊन झालेला पैलवान तिसरी टाळत टाळत पंचाच्या पाठीमागे काय काय करतो, यावर अख्खी लढत उभी राही. आणि फेऱ्या असल्यामुळे घंटा वाजली की कडेकोट पकडही सोडावी लागे. प्रेक्षकांचा जीव टांगणीला लावायला एवढं पुरे.

मग ती खरी होती का?

निकाल आधी ठरलेला असायचा. आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, ती. पण नुरा कुस्तीत फसवणूक अभिप्रेत असते, इथे मामला वेगळा होता. तमाशातल्या वगाचं कथानक सगळ्यांना ठाऊक असतं, संवाद मात्र फडावर उभ्या उभ्या रचले जातात, तसं काहीसं हे होतं. शेवट ठाऊक, मधली वीस मिनिटं दोघांच्या हातात. पकडी खऱ्या, आपटणं खरं, गुडघे आणि मान यांचं झालेलं नुकसान तर शंभर टक्के खरं.

धंद्यातले लोक हे गुपित जिवापाड जपत. 1985 मध्ये जॅकी पॅलो या गाजलेल्या पैलवानाने आत्मचरित्रात सगळं उघडं केलं, तेव्हा जुने सहकारी त्याच्याशी बोलेनासे झाले. प्रेक्षकांना किती धक्का बसला? माझ्या मते फारसा नाही. बहुतेकांना आतून माहीत होतंच, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी पुस्तक वाचलं नाही.

लढती कुठे व्हायच्या?

नगरपालिकेच्या सभागृहांत, नाट्यगृहांत आणि चक्क पोहण्याच्या तलावांत. सार्वजनिक तलाव थंडीत बंद असत. त्यांच्यावर फळ्या अंथरून वर रिंग उभारली की झाला आखाडा. ‘बाथ्स’ हे नाव जुन्या कार्यक्रमपत्रिकांत सारखं दिसतं ते यामुळे. क्रॉयडनचं फेअरफील्ड हॉल्स, स्टोकजवळच्या हॅन्लीचा व्हिक्टोरिया हॉल, वुल्व्हरहॅम्प्टनचा सिव्हिक हॉल ही नेहमीची ठिकाणं. मोठ्या मुक्कामाला लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. उन्हाळ्यात समुद्रकाठची गावं आणि बटलिन्सच्या सुट्टी छावण्या.

हा सगळा पसारा ‘जॉइंट प्रमोशन्स’ या आयोजकांच्या गटाच्या ताब्यात होता. 1952 मध्ये त्यांनी एकत्र येऊन देश आपापसांत वाटून घेतला. दक्षिणेत लंडनच्या ब्रिक्स्टनमधले डेल मार्टिन, उत्तरेत दुसरे. टीव्हीचा करार त्यांच्याकडेच असल्यामुळे बाहेरच्या पैलवानाला पडद्यावर दिसायची वाट जवळपास बंद.

पर्सने मारणाऱ्या आजीबाईंची गोष्ट खरी की बनाव?

खरी. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका खलनायकाला पर्सने, छत्रीने बडवायच्या, टोपीला लावायच्या लांब पिनेने टोचायच्या. जुन्या पैलवानांच्या आठवणींत रिंगमधल्या दुखापतींपेक्षा या पिना जास्त वेळा येतात. आठवडाभर तोंड मिटून राबणाऱ्या बाईला शनिवारी एका दांडगटाला मनसोक्त शिव्या घालायची मुभा होती, आणि तिने ती वापरली. यात मला विनोदापेक्षा समाजशास्त्र जास्त दिसतं, पण इथे ते लांबवत नाही.

सर्वांत मोठं वैर कुणाचं?

मिक मॅकमॅनस आणि जॅकी पॅलो. मॅकमॅनस बुटका, रंगवलेले काळेभोर केस, काळी चड्डी, चेहऱ्यावर कायमची आठी. प्रतिस्पर्ध्याला सर्व तऱ्हेने छळायचा आणि स्वतःच्या कानाला हात लागला की मात्र ‘कान नको, कान नको’ म्हणून कळवळायचा. प्रेक्षकांना हेच हवं असे. पॅलो त्याच्या उलट. सोनेरी केसांची शेपटी, तिला रिबन, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. 1960 च्या दशकात फुटबॉलच्या एफए कपच्या अंतिम सामन्याच्या दिवशी दोघांची लढत आयटीव्हीवर दाखवली जायची, आणि तिला फुटबॉलइतकीच गर्दी टीव्हीसमोर जमायची.

मॅकमॅनस फारसा हरत का नसे, हा प्रश्न त्या काळीही विचारला जाई. तो डेल मार्टिनच्या कचेरीत लढती ठरवण्याचं कामही करत होता, एवढं सांगतो. बाकी तुम्ही समजून घ्या.

पॅलोबद्दलची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1964 मध्ये एका टीव्ही मालिकेत त्याची मारामारी अभिनेत्री ऑनर ब्लॅकमनशी होती, प्रसंग स्मशानातला. चित्रीकरणात तिचा तडाखा लागून तो खणलेल्या थडग्यात कोसळला आणि खरोखर बेशुद्ध पडला. तेहतीस वर्षांच्या बनावात इतका अस्सल निकाल क्वचितच लागला असेल.

बिग डॅडीबद्दल तुम्ही इतके नाराज का?

माणसाबद्दल नाही. शर्ली क्रॅबट्री हे त्याचं खरं नाव, जन्म 1930 चा, गाव यॉर्कशरमधलं हॅलिफॅक्स. शर्ली हे मुलीचं नाव म्हणून लहानपणी चिडवाचिडवी झाली असणारच. त्याचा सुरुवातीचा कुस्तीचा पोशाख बायकोने घरच्या सोफ्याच्या कापडातून शिवला होता. 64 इंचांची छाती, डोक्यावर उंच टोपी, आणि सभागृहभर पोरांचा ‘ईझी, ईझी’ असा घोष. मुलांना तो आवडायचा, त्यालाही मुलं आवडायची. इथवर सगळं छान.

अडचण पुढे आहे. 1975 मध्ये जॉइंट प्रमोशन्सची सूत्रं त्याचा भाऊ मॅक्स क्रॅबट्रीकडे आली. शर्ली तेव्हा पंचेचाळिशीला टेकलेला, वजन अवाढव्य, दम दोन मिनिटांचा. आधी तो हेस्टॅक्सच्या जोडीने खलनायक म्हणून फिरला, मग त्याला राष्ट्राचा लाडका करायचं ठरलं. त्यासाठी एक साचा तयार झाला. जोडीची लढत लावायची, डॅडीबरोबर एखादा चपळ तरुण द्यायचा. तरुणाने पंधरा मिनिटं मार खायचा, मग डॅडीला टाळी द्यायची, डॅडीने येऊन पोटाने दोघांना उडवायचं, एकावर आडवं पडायचं, संपलं. दर आठवड्याला हेच. ज्या तरुणांनी मार खाल्ला त्यांत पुढे जगभर गाजलेले पैलवान होते, आणि त्यांच्या पंधरा मिनिटांकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

कळस झाला जून 1981 मध्ये, वेम्बली अरीनात. समोर जायंट हेस्टॅक्स, म्हणजे मार्टिन रुएन, उंची 6 फूट 11 इंच. देशभर चर्चा, आणि लढत तीन मिनिटांच्या आत आटोपली. हेस्टॅक्स दोरांवरून बाहेर पडला आणि मोजणी पूर्ण झाली. आज लोक हीच लढत काढून बघतात आणि ‘हे काय होतं’ म्हणून हसतात. त्यांचं काही चुकत नाही.

23 ऑगस्ट 1987 ला ग्रेट यार्मथमध्ये डॅडी नेहमीप्रमाणे किंग काँग कर्कच्या अंगावर पडला. कर्क उठला नाही, रुग्णालयात नेताना तो दगावला. त्याला हृदयविकार होता असं चौकशीत निष्पन्न झालं आणि क्रॅबट्रीवर ठपका आला नाही. तो मात्र यातून पूर्ण सावरला नाही.

मुखवटेवाला कोण?

केंडो नागासाकी. तो टीव्हीवर कधी एक शब्द बोलला नाही. बोलायचं काम भडक कपड्यांतला त्याचा व्यवस्थापक ‘गॉर्जस’ जॉर्ज गिलेट करायचा. 1966 मध्ये हॅन्लीत त्याने काउंट बार्टेली या दुसऱ्या मुखवटाधाऱ्याला हरवून त्याचा अनेक वर्षांचा मुखवटा उतरवला. स्वतःचा मुखवटा त्याने डिसेंबर 1977 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला विधीपूर्वक, धूप-तलवारींच्या थाटात उतरवला. आत निघालं गोंदलेलं तुळतुळीत डोकं आणि मागे लांब वेणी. कुस्तीचा एकही डाव नसलेली ही टीव्ही कुस्तीतली सर्वांत लक्षात राहिलेली दहा मिनिटं, आणि इथे मी तक्रार करणार नाही. नाट्य करायचंच तर असं करावं.

‘अस्सल भाग’ म्हणता तो कुठे होता?

हलक्या वजनी गटांत. डंडीचा जॉर्ज किड हा त्यांचा आद्य गुरू म्हणावा. अंगाची मुटकुळी करून बसायचा, प्रतिस्पर्ध्याला धरायला जागाच सापडायची नाही. तीच परंपरा जॉनी सेंटने चालवली. सेंटची लढत पाहताना प्रश्न एवढाच असतो, की या पकडीतून हा माणूस सुटणार कसा. तो सुटतो, हात पुढे करतो, प्रतिस्पर्धी हात मिळवतो, पुन्हा सुरू. जिम ब्रेक्स हा त्याचा उत्तम जोडीदार. रडका, चिडका, पंचाकडे सारख्या तक्रारी करणारा, आणि एकदा हात हाती लागला की मनगटापासून खांद्यापर्यंत पद्धतशीर पिळणारा. स्टीव्ह ग्रे, मार्टी जोन्स, मार्क ‘रोलरबॉल’ रोको हीही नावं लिहून ठेवा. रोको तर इतक्या वेगाने लढायचा, की आजच्या लढतींशेजारी ठेवला तरी जुना वाटत नाही.

याच्या मुळाशी विगन आहे. लँकशरमधलं कोळसा खाणींचं गाव. तिथे बिली रायलीची तालीम होती, लोक तिला ‘स्नेक पिट’ म्हणत. पत्र्याच्या छपराची साधी जागा, पण शिकवायची ती कॅच-अ‍ॅज-कॅच-कॅन, म्हणजे कुठेही धरा आणि सांध्यावर दाब देऊन शरण आणा. बिली रॉबिन्सन तिथे घडला. कार्ल गॉच तिथे शिकून गेला. हे दोघे पुढे जपानला गेले, तिथल्या पिढ्या त्यांनी शिकवल्या, आणि रॉबिन्सनच्या हाताखालचा काझुशी साकुराबा मिश्र युद्धकलांच्या रिंगणात गाजला. विगनची विद्या टोकियोत जास्त मान मिळवून राहिली.

नव्वदच्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफ पाहिलेल्या आमच्या पिढीचा याच्याशी काही संबंध?

आहे, आणि तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जवळचा. केबल आल्यावर तुम्ही जो ब्रिटिश बुलडॉग पाहिलात, ज्याचं चित्र असलेला खेळायचा पत्ता वर्गातल्या पोरांकडे असायचा, तो डेव्ही बॉय स्मिथ. विगनजवळच्या गोलबर्न गावचा. त्याचा जवळच्या नात्यातला भाऊ टॉम बिलिंग्टन, म्हणजे डायनामाइट किड, याने 1977 मध्ये अठराव्या वर्षी जिम ब्रेक्सला हरवून ब्रिटिश लाइटवेट विजेतेपद घेतलं होतं. बिग डॅडीच्या जोडीला मार खाणाऱ्या तरुणांमध्ये हे दोघेही होते. दोघेही कॅनडाला गेले. एप्रिल 1981 मध्ये टोकियोत टायगर मास्क पहिल्यांदा उतरला, तेव्हा समोर डायनामाइट किड होता. मुखवट्याआडचा सातोरू सायामा त्याच्या आधी ब्रिटिश टीव्हीवर ‘सॅमी ली’ नावाने लढून गेला होता.

विल्यम रीगल ब्लॅकपूलच्या जत्रेतल्या कुस्तीत पोरवयात तयार झाला. फिट फिनली उत्तर आयर्लंडचा, तोही शनिवारच्या टीव्हीवरचाच. रीगल मनगट धरून ज्या सावकाशीने पिळायचा, ती पाहून आपण कंटाळून चॅनेल बदलायचो. ती या शाळेची सही होती.

भारतीय पैलवान होते का त्यात?

होते. टायगर दलिबार सिंग ब्रिटिश टीव्हीवर लढले. दारासिंग यांनीही ब्रिटनमध्ये कुस्त्या केल्या. टीव्हीच्या कितीतरी आधी, 1910 मध्ये, गामा लंडनला गेले होते. त्यांनी अमेरिकेच्या रोलरला हरवलं. पोलंडचा झिबिस्को अडीच तासांहून जास्त वेळ जमिनीला चिकटून राहिला, लढत अनिर्णित सुटली आणि आठवड्याने पुन्हा लढायचं ठरलं तेव्हा तो आलाच नाही. ती कुस्ती नुरा नव्हती, हे सांगायला नकोच.

आणि बायका?

मिट्झी म्युलर हे मोठं नाव. पण लंडनमध्ये बरीच वर्षं स्त्रियांच्या कुस्तीला परवानगी नव्हती आणि टीव्हीवरही त्यांना जवळपास जागाच मिळाली नाही. पहिल्या रांगेत बायका चालत, रिंगमध्ये नाही.

बंद का पडली?

सोपं उत्तर लोकांना आवडतं, ते म्हणजे ग्रेग डाइक. ते आयटीव्हीच्या क्रीडा विभागाचे प्रमुख होते आणि 1988 मध्ये त्यांनी कुस्ती काढून टाकली. वाहिनीची प्रतिमा म्हातारी वाटते, हा त्यांचा मुद्दा होता.

मला हे उत्तर अर्धवट वाटतं. 28 सप्टेंबर 1985 ला ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ बंद झाला तेव्हाच चार वाजताची ती हमखास भेट मोडली. कुस्तीला स्वतंत्र जागा मिळाली, पण तिची वेळ हलत राहिली, आणि ज्यांना फक्त फुटबॉलचे निकाल हवे होते ते निघून गेले. 1987 पासून जॉइंट प्रमोशन्सची मक्तेदारी संपली. त्याच वेळापत्रकात ब्रायन डिक्सन यांची ऑल स्टार ही प्रतिस्पर्धी कुस्ती कंपनी आणि अमेरिकेची डब्ल्यूडब्ल्यूएफ आली. नगरपालिकेच्या सभागृहातल्या पिवळट उजेडानंतर पुढच्या आठवड्यात अमेरिकेचा झगमगाट दिसला, की मुलं कुणाकडे जाणार? आणि डॅडीच्या साच्यात दहा वर्षं सगळा पैसा ओतल्यामुळे त्याच्यामागे उभं करायला दुसरा नायक तयारच नव्हता. चांगले होते ते परदेशी गेले होते. डाइक यांनी दार लावलं खरं, पण घर आधीच रिकामं झालं होतं.

परत आणायचा प्रयत्न झाला नाही?

झाला. आयटीव्हीने 31 डिसेंबर 2016 ला एक विशेष कार्यक्रम दाखवला आणि 2018 मध्ये दहा भागांची मालिका केली. नाव जुनंच, पण फेऱ्या नाहीत, जाहीर ताकिदी नाहीत, सगळा थाट अमेरिकन. पैलवान मेहनती होते, त्यांना दोष नाही. पण नुसतं नाव परत आणून काय साधणार होतं, हे मला कळलं नाही. खरा वारसा दुसरीकडे चालू आहे. झॅक सेबर ज्युनियर या इंग्लिश पैलवानाने जुन्या पद्धतीच्या पकडी घेऊन जपान गाठलं आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तिथलं आयडब्ल्यूजीपी विश्वविजेतेपद पटकावलं.

मला पाहायचं आहे. सुरुवात कुठून करू?

जुन्या लढती इंटरनेटवर भरपूर आहेत, चित्र कधी धूसर असतं. पहिल्यांदा जॉनी सेंट विरुद्ध जिम ब्रेक्स शोधा. या दोघांच्या एकाहून जास्त लढती आहेत, कुठलीही चालेल. आवाज बंद करू नका, वॉल्टनसकट पाहा. मग मार्टी जोन्स विरुद्ध रोको. त्यानंतर केंडोचा मुखवटा उतरवण्याचा सोहळा, चवीपुरता. बिग डॅडी आणि हेस्टॅक्सची वेम्बलीची लढत सगळ्यात शेवटी ठेवा. तीन मिनिटांचीच आहे, चहा उकळेपर्यंत होते.